दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं

फुजैरातलं माझं पोस्टिंग सोमवारी सकाळी सात वाजता सुरू झालं आणि सात वाजून दहा मिनिटांनी मी पहिली घोडचूक केली. कंपनी त्याला ट्रान्सफर म्हणते. चोवीस वर्षं फौजेत काढल्यावर मला ते पोस्टिंगच वाटतं.

मॅनेजर कुरियन साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "भोईटे, डायव्हिंग येतं?"

"येस सर. आर्मी डायव्हर. इंजिनिअर रेजिमेंट. अकरा वर्षं."

"बुडालेल्या जहाजात गेलायस?"

"पाणी ते पाणी, सर."

असं मी खरोखर म्हणालो. त्या खोलीत दोन साक्षीदार होते, दोघंही अजून कंपनीत आहेत, म्हणून नाकारता येत नाही.

साहेबांनी एक कागद पुढे केला. किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका मालवाहू बोटीच्या तपासणीचं काम कंपनीला मिळत होतं आणि त्यासाठी स्टँड-बाय डायव्हर हवा होता. स्टँड-बाय म्हणजे जो वर तयार बसून राहतो आणि खालचा माणूस अडकला तर त्याला आणायला आत जातो. त्याच्याकडे बुडालेल्या जहाजांत उतरण्याचं वेगळं कार्ड लागतं. माझ्याकडे नव्हतं. मुदत आठ आठवडे. कार्ड आलं तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू, नाही आलं तर खलास. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो, व्हिसा गेला की दुबईत करामातला फ्लॅट जातो, आणि माझी मुलगी अन्वी त्या वर्षी बारावीत होती.

"विल बी डन, सर," मी म्हणालो आणि कडक सॅल्यूट ठोकला. कुरियन साहेब फौजेत कधीच नव्हते. त्यांनी दचकून खुर्ची मागे घेतली.

फौजेत डायव्हर कशाला, असं सिव्हिलियन लोक मला नेहमी विचारतात. नदीवर पूल टाकायचा असतो, पुरात गाडी वाहून गेलेली असते, कुणीतरी खाली जाऊन बघावं लागतं. आमचं पाणी गढूळ. स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून डायव्हरच्या कमरेला दोर बांधतात आणि दुसरं टोक काठावर एकाच्या हातात असतं. त्याला टेंडर म्हणतात. सगळं बोलणं त्या दोरावर. एक झटका, ठीक आहे. दोन, दोर सोडा. चार झटके म्हणजे वर ओढा, आत्ताच्या आत्ता. पोहायचा प्रश्नच नव्हता. पायांना वजनं बांधून आम्ही नदीच्या तळाशी चालायचो. मी अकरा वर्षं पाण्यात होतो हे खरं. त्यातला बराच काळ मी तिथे पायी हिंडलो, हेही खरं.

कोर्स शिकवणारा माणूस धक्क्याच्या टोकाला एका कंटेनरमध्ये बसायचा. दारावर नुसतं 'चीफ' लिहिलेलं. मी आत जाऊन सावधान उभा राहिलो आणि नाव, रँक सांगितली. नायब सुभेदार, रिटायर्ड. पांढऱ्या दाढीचा, बारीक अंगाचा तो माणूस उठून उभा राहिला.

"झहूर. चीफ पेटी ऑफिसर, रिटायर्ड. नेव्ही."

"कौनसी नेव्ही?"

"सामनेवाली," तो म्हणाला.

म्हणजे कराची. ज्या दिशेला तोंड करून मी अर्धी नोकरी उभा होतो, तिकडचा माणूस आता माझ्या सिलिंडरमध्ये हवा भरणार होता. मी बाहेर येऊन घरी फोन लावला.

"अहो, आपला भाजीवाला पेशावरचा आहे," आमच्या सुनंदाबाई म्हणाल्या. "त्याच्याकडची कोथिंबीर सहा वर्षं खाताय."

"कोथिंबीर वेगळी, हवा वेगळी."

"मग नका घेऊ श्वास," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

पहिल्याच तासाला चीफ म्हणाला, "सुभेदार साब, पहला सबक. शक. सिलिंडर पे शक करो, लाइट पे शक करो, साथी पे शक करो. मेरे पे भी." तो सुरक्षेचा नियम सांगत होता. मला तो कबुलीजबाब वाटला.

मी कामाला लागलो. हवेचा वास घेऊन बघायचो. तेलाचा वास आला तर कॉम्प्रेसर खराब, हे मला माहीत होतं. वास नाही आला तर जास्तच संशय यायचा. माझ्या सिलिंडरवर मी मार्करने 'भ' लिहिला, कारण ते अक्षर चीफला वाचता येणार नाही. माझी पाठ वळली की तो काय करतो हे बघायला मी मोबाइलचा कॅमेरा उलटा धरून चालायचो. एकदा असाच चालत धक्क्यावरून पाण्यात पडलो. चीफने घड्याळ बघून वेळ नोंदवली. "एंट्री अच्छी थी," तो म्हणाला.

शिकवणं मात्र चोख होतं. हवेचे तीन भाग करायचे. एक आत जायला, एक बाहेर यायला, एक कुणाचं काही चुकलं तर. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर पहिला भाग संपला की पुढे कितीही रंजक काही दिसो, मागे फिरायचं. जहाजात शिरण्याआधी रिळावरची पातळ दोरी बाहेर एकदा बांधायची, दारातून आत आल्यावर पुन्हा बांधायची, आणि सोडत सोडत पुढे जायचं. गाळ उठला, दिवा गेला, तरी बोटांनी ती दोरी चाचपत बाहेर यायचं.

हे त्याने आधी जमिनीवर शिकवलं. धक्क्यावरच्या खांबांना दोरी बांधली, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि चालायला सांगितलं. मी पट्टीच्या खालून बघत चाललो. हा मला समुद्रात नेऊन सोडेल, अशी माझी खात्री होती. तो मागून सांगत होता, "खींचना नहीं है. पकड़ना भी नहीं. सिर्फ छूना है." अंगठा आणि बोट यांचं कडं करून त्यातून दोरी जाऊ द्यायची. मी दहापैकी दहा वेळा बरोबर चाललो. डोळे उघडे असल्यावर कोणीही चालतो.

प्रत्येक डाइव्हनंतर चीफ एका छोट्या वहीत उर्दूत काहीतरी लिहायचा. मला उर्दू वाचता येत नाही. एका गुरुवारी तो नमाजला गेला तेव्हा मी त्या वहीच्या पानाचा फोटो काढला. चोवीस वर्षांत मी कधी इंटेलिजन्समध्ये नव्हतो, त्यामुळे फोटोत माझा अंगठाही आला.

शनिवारी करामात अन्वीला म्हणालो, "ॲपमध्ये टाकून बघ काय लिहिलंय."

"बाबा, this is so wrong."

"देशाचा प्रश्न आहे."

"It's a diving class," ती म्हणाली, पण फोन घेतला. थोडा वेळ बघून वाचलं. "Feet down again. Breathing fast below twenty metres. He is cold. He will not say." मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, are you cold?"

"फुजैरात? जूनमध्ये? मी बर्फाच्या नदीत उतरलेला माणूस आहे."

"So, yes," अन्वी म्हणाली.

खरं सांगायचं तर हो. फुजैराचा समुद्र वर कोमट असतो. वीस-बावीस मीटर खाली गेलं की एकदम दुसरं पाणी लागतं. मधे जणू रेघ मारलेली असते. डोकं ज्येष्ठात आणि पाय पौषात. चीफ रोज सात मिलिमीटरचा जाड सूट आणि डोक्याला टोपीसारखा हुड पुढे करायचा. वर बेचाळीस डिग्रीत तो चढवून बसायचं म्हणजे उकडलेला बटाटा व्हायचं. मला वाटायचं, इंडियन आर्मीला उकडताना बघायची याला हौस आहे. मी तीन मिलिमीटरचा पातळ सूट घालत राहिलो, हुड नाकारत राहिलो आणि मला थंडी वाजते हे त्याला कसं कळलं याचा तपास करत राहिलो.

आठ आठवड्यांपैकी पाच संपले होते. फायनल डाइव्ह मंगळवारी ठरली. बोट सुटण्याची वेळ ०७४५. आदल्या संध्याकाळी भरलेला माझा सिलिंडर मी कंटेनरमध्ये न ठेवता गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवला होता. सकाळी गाडी दीड तास उन्हात उभी. गेज लावला तर दाब दोनशे वीस बार. चीफने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग डिकीकडे.

"सूट?" त्याने विचारलं.

"थ्री एमएम."

"हुड?"

"नहीं चाहिए, चीफ साब."

तो बोटीच्या टोकाला जाऊन बसला. नाखवा रेडिओवर बोलला. "पोर्ट कंट्रोल, डायव्हर्स डाउन. टू पर्सन्स." घड्याळात ०८४५.

बावीस मीटरवर रेघ ओलांडली. अठ्ठावीस मीटरवर सरावाचं बुडालेलं जहाज कुशीवर पडलेलं. मनगटावरचा कॉम्प्युटर एकोणीस डिग्री दाखवत होता. मी गेज बघितला. एकशे नव्वद. अजून आत शिरलोही नव्हतो. उन्हात तापलेला सिलिंडर गार पाण्यात गेला की आतला दाब उतरतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला त्या वेळी एकच सुचलं. याने माझा व्हॉल्व्ह सैल केलाय.

रीळ माझ्या हातात होतं. दोरी मी बाहेर कठड्याला बांधली, दारातून आत आल्यावर एका पाइपला दुसऱ्यांदा बांधली. बोटं बधिर झाली होती, गाठ बसली असं वाटलं. चीफने मागून दिवा गोल फिरवला. ओके. मी पुढे निघालो.

पंधरा मीटर आत गेल्यावर मला जोराची हुडहुडी भरली. हुडहुडीत माणूस अंग आखडतो, आणि अंग आखडलं की माझे पाय खाली जातात, कारण अकरा वर्षं ते खालीच असायचे. माझे फिन तळाला लागले. दोन पावलं चाललो. खरोखर चाललो. वर्षानुवर्षांचा गाळ उठला आणि दिव्यासमोर दाट, दुधाळ करक चहा झाला. चीफचा दिवा दिसेना. माझा हातही दिसेना.

मग अगदी नदीसारखं झालं. डोक्याला काही विचारायच्या आधी हाताने त्याचं काम केलं. दोरीला चार झटके दिले. वर ओढा.

त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक कठडा होता.

पाइपवरची गाठ सुटली आणि दोरी ढिली होऊन माझ्या हातात आली. मी पुन्हा चार झटके दिले. आणखी ढिली झाली. फौजेत दोर असा ढिला पडला तर एकच अर्थ, टेंडर जागेवर नाही. मी त्याचा पुढचा अर्थ काढला. झहूरने दोरी कापली. चोवीस वर्षं वाट बघितली ती वेळ आली, असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. गेज शंभरवर होता आणि मी धावल्यासारखा श्वास घेत होतो.

कुणीतरी माझा दंड धरला. एकदा घट्ट दाबला. थांब.

चीफने माझ्या मुठीतून रीळ सोडवलं आणि लॉक केलं. माझा हात स्वतःच्या दंडावर ठेवून दाबला. धरून ठेव. ढिली दोरी दोन पत्र्यांच्या फटीत शिरली होती. फटीतून दोरी जाते, माणूस जात नाही. तिच्यामागे जाऊन उपयोग नव्हता. त्याने डावा हात जहाजाच्या भिंतीला लावला आणि लोखंडी फासळ्या एकेक चाचपत निघाला. आत येताना त्याने त्या मोजल्या होत्या. मी मोजल्या नव्हत्या. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो.

दारापाशी यायला सात मिनिटं लागली. माझा गेज तीसवर. चीफने स्वतःच्या सिलिंडरचा जादा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, काढून माझ्या तोंडासमोर धरला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ही हवा कुणाची, असा विचार करत मी दोन सेकंद थांबलो. मग घेतली.

हवेला कसलाही वास नव्हता.

वर येताना अंगात साठलेला नायट्रोजन उतरायला पाच मीटरवर थांबून जादा मिनिटं मोजली. तिथलं पाणी कोमट होतं, तरी माझे दात वाजत होते. वर आल्यावर नाखवा रेडिओवर म्हणाला, "टू डायव्हर्स सरफेस. ऑल ओके." चीफने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. अर्धा सांडला. उरलेला मी पिईपर्यंत तो थांबला.

"चार झटके किसको दिए, सुभेदार साब?"

"आदत है."

"गलत आदत है. दोरी निकल आई." मग म्हणाला, "लेकिन मेरी उँगली में हिली. उसी से पता चला आप किस तरफ हो." आणि विचारलं, "आपके उधर चार का मतलब क्या होता है?"

मी सांगितलं. आणि कुणाला सांगत नाही ते पुढचंही सांगितलं. थंडीने जीभ सैल झाली असावी.

एका धरणाच्या पाण्यात आमची जीप बुडाली होती. खाली लान्स नाईक विलास खरात. वर टेंडर मी. ११२० ला चार झटके आले. मी ओढलं. आलं नाही. अजून दोघांना बोलावून ओढलं. दोर जीपच्या ॲक्सलखालून गेला होता. आम्ही जितका ओढत होतो तितका तो विलासला तिथेच आवळून ठेवत होता. स्टँड-बाय पोहोचायला नऊ मिनिटं लागली. इन्क्वायरीत लिहिलं, दोर अडकला. ते खरंच आहे. कुणी ओढून अडकवला, असा रकाना त्या फॉर्मात नव्हता. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातातला दोर बघितला की मला संशय येतो. तो दुसऱ्यावर असतो असं मी पंधरा वर्षं समजत होतो.

चीफ समुद्राकडे बघत होता. "उम्र?"

"पच्चीस."

"विलास," त्याने नाव एकदा म्हटलं. धक्का जवळ आला तेव्हा म्हणाला, "आप फेल हैं."

"जी."

"पट्टी के नीचे से देखते थे आप. मुझे मालूम था. सोचा, शरम आएगी तो खुद बंद करेंगे. वो मेरी गलती. कल साढ़े पाँच बजे. सात मिलीमीटर, हुड, और पट्टी मैं बाँधूँगा."

"येस चीफ."

दुसऱ्या दिवसापासून मी दोनशे वेळा तरी त्या खांबांमधून चाललो, खरोखर आंधळा. पहिल्या दिवशी तीन वेळा दोरी ओढली. प्रत्येक वेळी चीफ ती सोडून पुन्हा बांधायचा आणि मला पहिल्यापासून चालवायचा. मग दहा डाइव्ह. सातव्या डाइव्हला आत असताना त्याने मुद्दाम माझा दिवा बंद केला आणि मी बोटांच्या कड्यातून दोरी जाऊ देत बाहेर आलो. जाड सूटमध्ये बोटीवर मी बटाट्यासारखा उकडत होतो, हा अंदाज मात्र बरोबर निघाला. कार्ड मुदतीच्या दोन दिवस आधी आलं. कुरियन साहेबांनी ते हातात घेऊन विचारलं, "पाणी ते पाणी?" मी म्हणालो, "नो सर." सॅल्यूट केला नाही. त्यांची खुर्ची आधीच भिंतीला टेकलेली होती.

विलास गेला त्या तारखेला मी दर वर्षी त्याच्या आईला फोन करतो. माण तालुक्यातल्या एका वाडीत ती धाकट्या मुलाकडे असते. आमचं बोलणं दोन मिनिटांचं. तब्येत, पाऊस, शेळ्या. टेंडर मी होतो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला संशय आहे की काय, हा माझा पंधरा वर्षांचा संशय. या वर्षी धक्क्यावरूनच फोन केला. पहिल्याच कामाची बोट तासाभरात सुटणार होती आणि स्टँड-बाय मी होतो.

"अजून पाण्यात जातुस व्हय?" तिने विचारलं.

"जातो आई. आता कुणी खाली अडकला तर आणायला जायचं काम आहे."

"मग तुजा दोर कोन धरतंय?"

"इथं तसा धरत नाहीत. आपला आपण लावून जायचा."

मागे शेळी ओरडत होती.

"आई," मी म्हणालो, "विलासचा दोर माझ्या हातात होता. मी ओढत राहिलो. ओढायला नको होता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पलटणीतनं समदी येऊन गेली, एकदा. दर सालाला फोन कोन करतंय रं? तूच तेवढा. उगा कोन करतंय?"

मग तिनेच विचारलं, तिकडं ऊन किती. मी सांगितलं, बेचाळीस. आणि खाली पाण्यात जाड सूट घालावा लागतो इतकी थंडी, तेही सांगितलं.

त्यावर मात्र तिचा विश्वास बसला नाही.